घरातल्या थोरल्याची कबुली

आप्पा, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, तरी गेलेल्या माणसाबद्दल लोक जसं गोड बोलायला लागतात तसं मला अजून जमत नाही. इथल्या ख्रिस्ती मंडळीतल्या बायका म्हणतात, तुझे वडील काय विद्वान होते गं, सगळा नवा करार तोंडपाठ. मी म्हणते, व्हय, होता तोंडपाठ. पुढं बोलत नाही, कारण पुढं बोलले तर त्यांचा चहा तसाच राहील आणि त्या उठून जातील. आज शाळेला सुट्टी आहे, घरात कुणी नाही, म्हटलं सगळं तुम्हालाच ऐकवावं. मध्येच तोडल्याशिवाय तुम्ही मला कधी बोलू दिलं नाहीत. आज तोडता येणार नाही, तेवढं बरं आहे.

तुमची बाजू मला पाठ आहे, आधी तीच सांगून टाकते, म्हणजे माझ्यावर अन्यायाचा ठपका नको. बोरगावात तुमच्या भावांनी कुठल्याशा बाबाला देव केलं होतं. त्याचे पाय धुवायचे आणि ते पाणी घरातल्या सगळ्यांनी प्यायचं. तुम्ही तेव्हा मिसरूड फुटलेले, तुम्ही म्हणालात, माणूस हाय त्यो, मी पिणार न्हाई. भावांनी घराबाहेर काढलं. मग निपाणीत मिशनच्या साहेबाच्या हाताखाली शिकलात, ओढ्याच्या पाण्यात बाप्तिस्मा घेतलात, आणि त्याच दिवशी त्याच पाण्यात तुमच्यासोबत आणखी एक पोरगा बुडून वर आला, तो पुढं निपाणीचा पाळक झाला. तुम्ही मिशनच्या शाळेत मास्तर झालात. तो उपासना चालवायचा, तुम्ही पोरांना धर्माची प्रश्नोत्तरी शिकवायचात. तुमची दोघांची मैत्री अशी, की आईनं भाकरी थापताना कधी तुमच्यापुरतं पीठ घेतलं नाही, त्याचीही एक भाकरी धरूनच मळायची.

वाद त्याच चुलीपाशी सुरू झाला. मी कांदा फोडून द्यायला बसलेली असायची, म्हणून मला ते सगळं ऐकू आलंय. तुम्ही म्हणायचात, "येशू डोंगरावर जाऊन बापाची प्रार्थना करतोय. देव देवापुढं गुडघे टेकतोय व्हय रं? कुणाला मागतोय मग?" पाळक म्हणायचा, "मास्तर, ते गूढ हाय." "गूढ म्हंजे तुलाबी कळलं न्हाई," तुम्ही म्हणायचात आणि हसायचात. तो हसायचा नाही. तो म्हणायचा, "त्यो नुसता माणूस असंल तर मग माझं तारण कुणी केलं? माणूस माणसाला काय तारतोय, लेका? मग मी जात सोडली, आईबाप सोडलं, ते कुणासाठी?" त्यावर तुमचं उत्तर ठरलेलं. "मीबी सोडलं. माणसाला देव म्हणायचं न्हाई म्हणूनच सोडलं. आता पुन्यांदा माणसालाच देव म्हणू? येशू देवाचा पाठवलेला, माझा गुरू, त्याच्यासाठी मरीन मी. पण देव एक. बाप." एकदा आई मध्येच बोलली. तव्यावरची भाकरी उलटत, तुमच्याकडं न बघता म्हणाली, "मला गूढबिढ कळत न्हाई. पण मी रडते तवा बाप लई लांब आभाळात असतोय, आणि येशू हितं चुलीपाशी येऊन बसतोय. त्यो देव न्हाई म्हणता, तर मग माझ्याजवळ बसतंय कोण?" पाळकानं मान खाली घातली. तुम्ही म्हणालात, "भाकरी करपली बघ." आप्पा, भाकरी करपली नव्हती.

आपल्या मंडळीत एक रीत होती, साहेबानं घालून दिलेली. लेकराचा बाप्तिस्मा करायचा तर घरातल्या थोरल्या पुरुषानं उभं राहून सगळ्यांपुढं कबुली द्यायची, येशू ख्रिस्त देव आहे. मग पाळक लेकराच्या डोक्यावर पाणी घालणार. माझ्या वेळी तुम्ही ती खणखणीत आवाजात दिली होती, आई सांगायची. माझी धाकटी बहीण झाली तोवर तुमचं डोकं फिरलं होतं. तुम्ही बाप्तिस्मा पुढं ढकलत राहिलात. मोठी झाली की तिचं ती ठरवील, म्हणायचात. आणि शाळेत तुम्ही काय केलंत? प्रश्नोत्तरीतला तो एक प्रश्नच गाळून टाकलात. येशू कोण? देवाचा पुत्र. इथवर पोरं म्हणायची, आणि पुढं थेट दहा आज्ञांवर. कुणाला कळलं नाही, कारण पोरं घरी जाऊन प्रश्नोत्तरी कशाला म्हणतायत!

मग एकदा साहेब तपासणीला आला. पोरं रांगेत उभी, तुम्ही हातात छडी घेऊन कोपऱ्यात. साहेबानं विचारलं, येशू कोण? अख्खी शाळा ओरडली, देवाचा पुत्र. साहेब खूश. मग त्यानं पुढचा प्रश्न विचारला, तो देव आहे काय? आणि शाळा गप्प. मोठी पोरं एकमेकांकडं बघतायत, मी जमिनीकडं बघतेय, साहेब पुन्हा विचारतोय. तेवढ्यात खाली बसलेल्या बारक्या पोरांतून एकच आवाज आला, "व्हय सायब, येशू देव हाय!" धाकटी. आईनं तिला दळण दळताना शिकवलेलं. साहेबाला एवढा आनंद झाला की त्यानं खिशातून विलायतेचं रंगीत चित्र काढून तिला दिलं, कोकराला कडेवर घेतलेल्या येशूचं. ती ते सगळ्यांना दाखवत घरी आली. तुम्ही तिला मारलं नाहीत. मारलं असतंत तर बरं झालं असतं. तुम्ही तिला समोर उभी करून शांतपणे सांगितलंत, "ह्ये चुकीच्या उत्तराचं बक्षीस हाय. परत देऊन ये." ती रडायला लागली, तर म्हणालात, रडून उत्तर बरोबर होत न्हाई. तिचा हात धरून बंगल्यापर्यंत मीच गेले. साहेबाच्या मडमेला काही कळेना, ही पोर चित्र का परत करते. धाकटी म्हणाली, "आप्पा म्हणाले, माझं चुकलं." एवढंसं लेकरू, आणि तुम्ही तिच्याकडून असं वदवून घेतलंत.

त्यानंतर साहेबानं तुम्हाला बोलावून सरळ विचारलं आणि तुम्ही सरळ सांगितलंत. नोकरी गेली, मिशनच्या आवारातलं घर गेलं. प्रभुभोजनाला तुम्हाला बंदी झाली. मंडळीत वाचून दाखवलं, याच्याशी कुणी ऊठबस करू नये. ते वाचलं कुणी? पाळकानंच. तुम्ही मागच्या बाकावर ताठ बसून ऐकलंत, आणि घरी आल्यावर तुमच्या चेहऱ्यावर, काय सांगू, मला तेव्हाच घाण वाटली होती, समाधान होतं. दुसऱ्यांदा सगळं सोडायला मिळालं याचं समाधान! पहिल्यांदा सोडलंत तेव्हा तुमचं एकट्याचं होतं. या वेळी आम्ही होतो की हो आप्पा.

मग तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहायचं काम, आणि वखारीमागची खोली. दिवसभर शिंका. आई रविवारी आम्हाला घेऊन मंडळीच्या देवळात जायची, तुम्ही घरी एकटेच बापाची प्रार्थना करायचात. मंडळीतल्या बायका आईला बाकावर जागा द्यायच्या पण शेजारी बसायच्या नाहीत, मध्ये पदर पसरून ठेवायच्या. प्रभूच्या देवळात, बरं का. ज्या बाईचा विश्वास त्यांच्याएवढाच होता तिला.

पहिल्या मोठ्या लढाईच्या शेवटी तापाची साथ आली. निपाणीत घरटी माणूस पडत होता. धाकटीला ताप चढला आणि उतरेना. भर दुपारची गोष्ट, पत्र्याची खोली तापलेली. आई स्वतः जाऊन पाळकाला घेऊन आली. तो बाप्तिस्म्याची पितळी वाटी फडक्यात गुंडाळून आला होता, पण उंबऱ्याच्या आत आला नाही. म्हणाला, "मास्तर, एक वाक्य बोल. मी पाणी घालतो आणि जातो. तुझ्या मनात काय हाय ते मी इचारणार न्हाई." तुम्ही म्हणालात, "म्हंजे खोटं बोल म्हणतोस. मरणाऱ्या पोरीला खोट्याच्या पाण्यात बुडवू?" आई म्हणाली, "मी देते कबुली. मी मनापासून देते. माझी घ्या." पाळक तिच्याकडं बघून म्हणाला, "वयनी, थोरला पुरुष जिवंत असताना बाईची चालत न्हाई. रीत हाय." तेवढ्यात धाकटीनं डोळे उघडले. तिला वाटलं पुन्हा तपासणीच चाललीय. ती म्हणाली, "मला येतंय उत्तर." आणि पाळक, तो ख्रिस्ताचा सेवक, ज्याच्यासाठी माझी आई पीठ धरून मळायची, तो म्हणाला, "तुझं नगं बाळा, आप्पाचं पायजे."

मग आई उठली. तिनं कोनाड्यातला तांब्या घेतला, मीच घालते पाणी म्हणाली, देव बघून घेईल. आणि तुम्ही तिच्या हातातून तांब्या काढून घेतलात. हिसकला नाहीत, तुम्ही कधी हिसकायचा नाहीत. नुसता मनगट धरून काढून घेतलात. धाकटी पाणी पाणी करत होती. तर त्याच तांब्यातलं पाणी तुम्ही तिला आपल्या हातानं पाजलंत, मान उचलून, थोडं थोडं. ओठांवरून हनुवटीवर ओघळलं ते तुमच्या धोतराच्या सोग्यानं टिपलंत. प्यायला दिलंत आणि डोक्यावर थेंब पडू दिला नाहीत. दारात पाळक वाटी धरून उभा, खाली आई बसलेली, आणि तुम्ही दोघं बाप्ये माझ्या बहिणीच्या जिवावर देवाशी इमान राखत होता. मला आजही विचारलं तर सांगता येणार नाही, दोघांत जास्त नीच कोण. ती ऊन कलायच्या आत गेली.

मातीचं काय करायचं? मंडळीचं कबरस्तान बाप्तिस्मा झालेल्यांचं. तुम्ही बोरगावला निरोप धाडलात, शेताच्या बांधाला जागा द्या. भाऊ स्वतः आला, तेवढंच सांगायला आला, "आमच्यातनं गेलास तवाच मेलास. मेलेल्याची पोर आमच्या रानात कशी पुरायची?" शेवटी वखारीतल्या हमालांनी कबरस्तानाच्या भिंतीबाहेर खड्डा काढला. पाळक भिंतीच्या आत टोपी काढून उभा होता. ओठ हलत होते, पण बाहेर काही ऐकू येऊ देत नव्हता. तुम्ही मोठ्यानं बापाची प्रार्थना केलीत, शब्द न् शब्द स्पष्ट. आईनं आमेन म्हटलं नाही.

आईनं तुमच्याशी बोलणं सोडलं असं नाही, सोडलं असतं तर लोकांनी समजूत तरी घातली असती. मीठ पुरे का, कंदिलात तेल हाय का, पाणी काढलंय, एवढं बोलायची, तेही रोज, तेही नम्रपणे. तुम्ही देवाविषयी काही काढलंत की ती उठून परातीतले तांदूळ निवडायला घ्यायची. काही वर्षांनी तीही गेली. जाण्याआधी तिनं पाळकाला बोलावून एकच मागितलं, मला आतच पुरा पण भिंतीला लागून. पाळकानं जागा दिली. म्हणजे मधे फक्त भिंत राहिली, अलीकडं आई, पलीकडं धाकटी. तुम्ही फाटकाशी उभे होता आणि मला म्हणालात, तिच्या मनासारखं झालं. मी तुम्हाला तेव्हा काही बोलले नाही, कारण मला मिशनच्या बोर्डिंगात परत बेळगावला जायचं होतं आणि तुमच्याशिवाय मला गाडीत बसवून देणारं कुणी नव्हतं.

पुढं मी शाळेत बाई झाले, लग्न झालं, तुम्ही थकलात आणि आमच्याकडं राहायला आलात. माझ्या मुलाचा बाप्तिस्मा ठरला. यांचे वडील आधीच गेलेले, म्हणजे घरातले थोरले तुम्ही. मी यांना सांगून ठेवलं होतं, आप्पांना उठवू नका, तुम्हीच उभे राहा, बेळगावचा पाळक नवा आहे, समजून घेईल. पाळकानं विचारलं, घरातला थोरला कोण? हे उठायच्या आत तुम्ही उठलात. काठी बाजूला ठेवलीत. येशू ख्रिस्त देव आहे, म्हणालात. आवाज कापला नाही, अडखळला नाही. देवळातल्या म्हाताऱ्या बायकांनी डोळे पुसले, हरवलेला माणूस घरी आला म्हणून. तुम्ही वळून माझ्याकडं बघितलंत, आता तरी झालं का तुझ्या मनासारखं, असा चेहरा करून. आप्पा, मला त्या क्षणी लेकरू खाली टाकून तुमचं नरडं धरावंसं वाटलं.

जेवायला पंगत बसली होती. मी तुमच्या ताटात खीर वाढताना सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "आप्पा, लई जड गेलं का वो?" तुम्ही म्हणालात, "काय गं?" मी म्हटलं, "ते वाक्य. हलकंच होतं की. पोरीसाठी उचललं न्हाई, म्हणून म्हटलं." पंगत थांबली. हे माझ्याकडं बघायला लागले. तुम्ही खिरीतली बोटं तशीच ठेवलीत, मग उठून हात धुतलेत. दुपारी व्हरांड्यात माझ्याजवळ येऊन बसलात आणि स्वतःहून बोललात, तुमच्या जन्मात पहिल्यांदा. "मी अजून तसं मानत न्हाई," म्हणालात. "खोटं बोललो. तुझ्या पोराला काय झालं तर भित्तीच्या आत जागा मिळावी म्हणून." मी विचारलं, आणि तिला? तुम्ही काठी मांडीवर आडवी घेतलीत. "तवा मी तरणा हुतो. वाटायचं, देव माझ्याकडंच बघतोय." मी म्हटलं, "आणि आता?" तुम्ही म्हणालात, "आता कुठला बघतोय. आता तू बघतीयास."

दुसरी कुणी असती तर तिथं विरघळली असती. मी म्हणाले, "म्हणजे तुमचं खरं तिच्या वाट्याला आणि खोटं याच्या वाट्याला. तिनं तुमचं काय वाईट केलंतं?" त्या दिवसापासून मी आईची रीत उचलली. मीठ पुरे का, पाणी तापलंय, कंदिलात तेल हाय. तुम्हाला ओळखू आली ती रीत, मला माहीत आहे, कारण पहिल्यांदा मी तसं बोलले तेव्हा तुम्ही दचकून माझ्या तोंडाकडं बघितलंत. तुम्ही असेपर्यंत मी ती मोडली नाही. तुम्ही गेलात तेव्हा देवळाची घंटा वाजली, अख्खी मंडळी आली, कबरस्तानात चांगली मधली जागा मिळाली. कबुली दिलेला माणूस होता ना.

आता तुम्हाला हे ऐकवायचं कारण सांगते. साहेब लोक चाललेत विलायतेला, निपाणीचा बंगला रिकामा झाला. आणि तिथलं कबरस्तान भरलं. पंचांनी ठरवलं, शेजारची पड जमीन घ्यायची आणि ती भिंत पाडून पुढं सरकवायची. मी मुद्दाम बघायला गेले. गवंडी विटा काढून टोपलीत टाकत होते, बिड्या ओढत होते. आई आणि धाकटीच्या मधलं सगळं साफ झालं होतं, नुसती माती. तुमचा तो जुना मित्र, पाळक, अजून आहे, कमरेत वाकलाय, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून आला होता. मला म्हणाला, "बाई, आता ती आत आली बघा." मी विचारलं, "कुणाच्या कबुलीवर?" तो म्हणाला, "कुणाच्या न्हाई. जागा पुरंना." आणि रडायला लागला. मी त्याला रडू दिलं, पदर पुढं केला नाही, आणि संध्याकाळच्या मोटारीनं परत आले. त्या दोघी आता एकाच जागी आहेत आणि तुम्ही इकडं बेळगावात परक्या लोकांच्या मधोमध. तुम्हाला तिकडं हलवता येईल का, असं यांनी विचारलं. मी म्हटलं, राहू द्या.

हे तुम्हाला पोचायचं नाही, आणि पोचण्यासारखं असतं तरी मी टपालात टाकलं नसतं. पण एक सांगते, कारण ते दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. मंडळीत कुणी फारच खोदून विचारलं की मी एवढंच म्हणते, आप्पा माझ्या मुलाच्या बाप्तिस्म्याला गप्प बसले असते, आपल्या शब्दाला धरून राहिले असते, तर मी त्यांना केव्हाच माफ केलं असतं. बायकांना ते पटतं, माना डोलावतात. ते खोटं आहे, आप्पा. तुम्ही ते वाक्य म्हणालात म्हणून मी तुमच्याशी मिठापाण्यापलीकडं बोलायचं टाकलं, आणि न म्हणता बसून राहिला असतात तर त्याच दिवशी तुम्हाला घराबाहेर काढलं असतं.